उजवीकडची जागा

चौकटताईच्या दुकानात माणसं दोन कारणांनी येत. काहींना भिंतीवर काहीतरी लावायचं असे, आणि काहींना भिंतीवर आधीच लावलेल्यांपैकी कुणीतरी नकोसं झालेलं असे. दुसऱ्या जातीचं गिऱ्हाईक दारातच ओळखू यायचं. फोटो कागदात गुंडाळून काखेत धरलेला, आवाज खाली, आणि सुरुवात ठरलेली: "ताई, एक जरा नाजूक काम होतं."

नाजूक काम म्हणजे माणूस झाकायचं काम. घर सोडून गेलेली सून, कोर्टात खेचणारा मेहुणा, लग्नाच्या फोटोत जवळ घुसून उभा राहिलेला आणि पुढे नको तसं वागलेला मित्र. चौकटताई फोटोला कात्री कधीच लावत नसे. ती नवा माउंट कापायची. माउंट म्हणजे चित्र आणि काच यांच्यामध्ये बसतो तो जाड पुठ्ठा. त्याला मधोमध खिडकी कापलेली असते, आणि चित्रातलं जेवढं त्या खिडकीतून दिसेल तेवढंच लोकांना दिसतं. खिडकीची कड बोटभर आत घेतली की मेहुणा पुठ्ठ्याखाली गेला. "कापलं नाही हो कुणाला," ती गिऱ्हाइकाला समजवायची, "उद्या गोडी झाली तर आणून द्या, पुन्हा बाहेर काढते." तशा गोडी झालेल्या एक-दोन सुना तिनं बाहेर काढल्याही होत्या. बाकीचे अजून आतच होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ती हसून म्हणायची, आणि त्यात तिला काडीचंही वावगं वाटत नसे. घरोघरीचं काम, ते कुणीतरी करायचंच.

चौकटताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती लहानपणापासून आत्याकडे वाढली, आणि आत्याचं फ्रेमचं दुकान होतं, म्हणजे दुकानातच वाढली म्हणायचं. आत्या मोठी कडक बाई. तयार फ्रेमच्या कोपऱ्यावरून नख फिरवायची, आणि जोडावर नख अडकलं की पट्ट्या सोडवून पुन्हा कापायला लावायची. त्या एका नखापायी भाचीचं जेवण कितीदा थंड झालं असेल, देव जाणे. आत्या गेल्यावर दुकान भाचीकडे आलं आणि नखही आलं. कुणाच्या घरी गेली की ती आधी भिंतीवरची वाकडी फ्रेम सरळ करायची आणि मग "कसे आहात" विचारायची. गल्लीतल्या पोरांनी चौकटताई नाव ठेवलं ते त्यावरून, आणि ते इतकं चिकटलं की नवराही बाहेर तिचा उल्लेख तसाच करायचा.

नवरा कवळ्या बनवायचा. दातांच्या दवाखान्यांतून त्याच्याकडे साचे येत आणि दुकानामागच्या खोलीत बसून तो त्यांवर दात बसवत असे. "जगात दोनच धंदे असे आहेत," तो म्हणायचा, "की काम उत्तम झालं तर ते कुणाच्या लक्षातच येत नाही. एक माझा, एक तुझा." मूलबाळ नव्हतं. एका खोलीत दुसऱ्यांचे दात, दुसऱ्या खोलीत दुसऱ्यांची माणसं, असा त्यांचा संसार, आणि तो सुखाचा होता.

पण तिच्या काळजात एक काटा होता, तो स्पर्धेचा.

फ्रेमवाल्यांचीही स्पर्धा भरते, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. सांगितलं तर लोक हसतात. दरवर्षी सगळ्या स्पर्धकांना एकच चित्र पाठवतात. ते कसं बसवायचं, किती दाखवायचं, किती झाकायचं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. अट एकच, की चित्र कापायचं नाही आणि कायमचं चिकटवायचंही नाही. पातळ कागदाच्या बिजागऱ्या खळीनं लावून ते असं अडकवायचं, की उद्या कुणी थोडं पाणी लावलं तर जसंच्या तसं सुटून यावं. मग परीक्षक येतात, हातात पांढरे मोजे, बॅटरी आणि भिंग. पूर्ण गुणांपासून सुरुवात करतात आणि वजा करत जातात. कोपऱ्यात फट दिसली, वजा. काचेखाली धुळीचा कण, वजा. खिडकी कापताना सुरी कोपऱ्यापुढे केसभर गेली, वजा. चौकटताई तीन वर्षं ओळीनं दुसरी आली होती, आणि तिन्ही वर्षं पहिला आला होता तो एक गॉगलवाला, जो घरातसुद्धा गॉगल काढत नाही अशी ख्याती होती. "त्याला धूळ दिसतच नाही, मग ती राहते कुठं," असं म्हणून ती हसायची. पण घरी येऊन दोन दिवस कुणाशी धड बोलायची नाही.

यंदा गोष्ट निराळी होती. तिचा उजवा अंगठा थरथरू लागला होता. आधी सुईत दोरा ओवताना, मग कप उचलताना. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार. माउंटची खिडकी तिरक्या सुरीनं एका दमात कापायची असते. तिथं अंगठा हलला की संपलं. पुढल्या वर्षी हा हात स्पर्धेच्या कामाचा राहणार नाही, हे तिला कळलं होतं आणि नवऱ्यालाही. दोघांनी त्यावर एक शब्द काढला नव्हता. पहिला नंबर यायचा तर यंदाच.

चित्र आलं ते लांब नळकांड्यातून. बंद पडलेल्या कुठल्याशा स्टुडिओच्या जुन्या निगेटिव्हवरून काढलेला मोठा फोटो होता. चार माणसांचं कुटुंब. खुर्चीवर बाप, शेजारी आई, मागे मुलगा, आणि आईच्या गुडघ्याजवळ स्टुलावर बसलेली लहानशी मुलगी. मागे बागेचं चित्र रंगवलेला पडदा. फोटो कडेपर्यंत छापलेला होता, त्यामुळे उजवीकडे पडदा कुठं संपतो तेही दिसत होतं. तिथून पुढे स्टुडिओची ओकीबोकी भिंत आणि अर्धवट उघडं दार. चौघंही ताठ, श्वास रोखून बसलेली. लहान मुलीची नजर मात्र कॅमेऱ्याकडे नव्हती. डोळ्यांच्या कोपऱ्यातून ती उजवीकडे, दाराकडे बघत होती. आणि त्या दाराशी एक करडा डाग होता. बोटाएवढा, उभा, पुसट.

काम सरळ होतं. भिंत, दार, डाग सगळं माउंटखाली घालायचं आणि चौघांना खिडकीच्या मधोमध घ्यायचं. तिनं मापं काढली, रद्दी पुठ्ठ्यावर सुरी चालवून पाहिली, तेव्हा अंगठा थरथरला. मग खरा पुठ्ठा घेतला, दम धरला आणि कापलं. चारही कापांत हात जराही हलला नाही. तिला इतका आनंद झाला की मागच्या खोलीत जाऊन तिनं नवऱ्याला खिडकी दाखवली. त्यानं कवळी खाली ठेवून टाळी वाजवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं माउंट उचलून चित्रावर ठेवला, तर खिडकीच्या उजव्या कडेला काहीतरी करडं डोकावत होतं.

तिला वाटलं माप चुकलं. पुन्हा मोजलं. माप बरोबर होतं. मग डाग? माउंट उचलून पाहिलं तर डाग दाराशी नव्हता. भिंत ओलांडून पडद्याच्या कडेपाशी आला होता, आणि आता तो नुसता डाग राहिला नव्हता. खाली फ्रॉकचा घेर ओळखू येत होता, आणि एक कोपरात वाकलेला हात. फोटो काढताना कुणी हललं की माणूस जसं फराटल्यासारखं उमटतं तसं. म्हणजे डाग नाही, मूल होतं. पण काल ते दाराशी होतं हे तिला पक्कं आठवत होतं. कागद हवेतला ओलावा पितो, फुगतो, सरकतो, हे या धंद्यातल्या कुणालाही माहीत असतं. कागद सूतभर सरकेल, तेही खरं. पण कागदातलं माणूस इंचभर सरकतं, असं काही आत्यानं शिकवलं नव्हतं.

तिच्या मनात पाल चुकचुकली. तरी तिनं स्वतःला दटावलं. डोळे थकलेत, दुसरं काय. तिनं दुसरा माउंट घेतला आणि खिडकी आणखी अरुंद कापली, उजवी कड बापाच्या खुर्चीला जवळजवळ भिडवून. अंगठा पुन्हा दगडासारखा स्थिर. गिऱ्हाइकांच्या कामात तो थरथरत होता, चहा ढवळताना थरथरत होता, आणि या चित्रासमोर आला की कुणी मनगट धरून ठेवावं तसा शांत. याचा आनंद मानायचा की भीती बाळगायची, ते तिला कळेना.

नवरा चहा घेऊन आला. तिनं सहज बोलल्यासारखं विचारलं, "अहो, कसा वाटतो फोटो?"

त्यानं डोळे बारीक करून पाहिलं. "छान आहे की. चौघंही कशी काठी गिळल्यासारखी बसलीत."

"चौघंच?"

"मग किती हवीत?" तो म्हणाला. "चष्मा आत राहिलाय माझा. कुणी राहिलं का मोजायचं?"

"नाही, नाही," ती म्हणाली आणि चहाचा कप बशीवर खडखडला.

पुढच्या दुपारी डागातली ती मुलगी खुर्चीजवळ आली होती. आता फराटा नव्हता. सात-आठ वर्षांची पोर, दोन वेण्या, एका पायातल्या सँडलचा पट्टा सुटून जमिनीवर लोंबत होता. चेहरा अजून पुसट, काचेवर कुणी उच्छ्वास सोडला असावा तसा. दुकानात भर दुपारचं ऊन होतं, बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं, मागून नवऱ्याच्या कानसीचा खर्रखर्र आवाज येत होता. सगळं रोजचंच होतं. आणि चौकटताईला पळून जावंसं वाटलं, खोटं कशाला सांगा. शटर ओढून, चित्र नळकांड्यात घालून परत पाठवावं आणि आजारी पडले म्हणून कळवावं.

पण मग पहिला नंबर गेला, कायमचा. ती स्टुलावर बसून राहिली. बघता बघता तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. ती खिडकी आत घेत होती म्हणून पोर आत येत होती. पहिली खिडकी कापली, ती भिंत ओलांडून आली. दुसरी अरुंद केली, ती खुर्चीपर्यंत आली. तिसरी आणखी आत घेतली तर ती कुठं येईल?

म्हणून तिसरा माउंट तिनं उलटा विचार करून कापला. खिडकी उजवीकडे मोकळी सोडली, थेट पडद्याच्या पलीकडे, भिंतीचा तुकडा दिसेल इतकी. चित्रावर ठेवली आणि दार लावून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मुलगी खुर्चीपासून मागे सरकून पडद्यापुढे उभी होती. तिच्यासाठी जेवढी जागा ठेवली होती तेवढ्यात, नीट. चेहरा लख्ख स्पष्ट झाला होता. ती स्टुलावरच्या लहानीकडे बघत होती. त्यानंतर ती हलली नाही. चौकटताईनं बिजागऱ्या लावल्या, पट्टी जोडली, काच पुसली, मागचा पुठ्ठा बंद केला, कोपऱ्यांवरून नख फिरवलं. नख कुठंच अडकलं नाही. आपल्या आयुष्यातलं हे सगळ्यात चांगलं काम आहे हे तिला माहीत होतं. आता चौघांऐवजी पाच माणसांचा फोटो झाला, एवढंच. इतरांनाही पाचच दिसत असणार, त्यांनी पाचवीला झाकलं असेल, आपण घेतलं, असं तिनं मनाला पटवलं. मन पटवून घ्यायला तयारच होतं.

निकालाच्या दिवशी ती नवऱ्याला घेऊन हॉलवर गेली. पिशवीत आधी कापलेला अरुंद माउंटही होता. जादा माउंट बरोबर नेणं ही आत्यापासूनची सवय. हॉलच्या चारही भिंतींवर तोच फोटो. जिकडे वळाल तिकडून तेच बाप, आई, मुलगा आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघणारी ती लहानी. कुणी सोनेरी पट्टीत, कुणी काळ्या, गॉगलवाल्यानं राखाडी. चौकटताई एकेका फ्रेमपुढून जात होती. सगळ्यांनी चौघांनाच मधोमध घेतलं होतं. ती शोधत राहिली, आणि शेवटच्या रांगेत एका नवख्याची फ्रेम सापडली. बिचाऱ्यानं माउंटच लावला नव्हता, अख्खा फोटो कडेपर्यंत उघडा ठेवला होता. भिंत होती, दार होतं. दाराशी काही नव्हतं, डागसुद्धा नव्हता.

ती धावतच आपल्या फ्रेमशी आली. मुलगी जागेवर होती.

तेवढ्यात परीक्षकबाई आल्या. पांढरे मोजे घातलेल्या, उंच, हळू बोलणाऱ्या. त्यांनी मागचा पुठ्ठा आधीच उघडून तपासून पुन्हा बंद केला होता. आता बॅटरी समोरून मारली. "तुमचं काम ना हे? कोपरे बघून मी सहकाऱ्यांना बोलावलं. काचेखाली कण नाही. बिजागऱ्या अशा लावल्यात की शिकवायला न्याव्यात." मग त्यांनी झोत उजवीकडे नेला. "फक्त एक विचारायचं होतं. उजवीकडे एवढी रिकामी जागा कुणासाठी ठेवलीत?"

बॅटरीचा झोत बरोबर मुलीच्या तोंडावर पडला होता. बाई त्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहत होत्या.

चौकटताईनं पुन्हा मुलीकडे पाहिलं. "रिकामी?" तिनं विचारलं.

"सगळा तोल डावीकडे गेलाय. याचेच गुण कापावे लागतील, नाइलाज आहे. एरवी माझ्याकडे वजा करायला काही नाही." त्यांनी कोपऱ्यातल्या टेबलाकडे बोट केलं. "घंटा होईपर्यंत दुरुस्ती करायला मुभा असते. विचार करा."

त्या पुढे गेल्या. चौकटताईनं नवऱ्याची बाही धरली. "अहो, चष्मा आहे ना डोळ्यांवर? नीट बघा. उजवीकडे काय दिसतं?"

"पडदा," तो म्हणाला. "आणि जरा भिंत." मग त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि तो गंभीर झाला. "काय होतंय तुला? अगं, माउंट आहे ना पिशवीत? घाल आणि मोकळी हो. कुणाचं काय जाणार आहे त्यात? पहिली येशील तू."

कुणाचं काय जाणार आहे. हेच वाक्य ती दुकानात आयुष्यभर बोलत आली होती. तिनं फ्रेम उतरवली आणि टेबलाशी गेली. नवरा पाणी आणायला गेला. तिनं मागचा पुठ्ठा सोडवला, काच बाजूला ठेवली, रुंद माउंट काढला आणि अरुंद माउंट चित्रावर बसवला. हात स्थिर होता. मुलगी पुठ्ठ्याखाली गेली. चौघं राहिली, मधोमध, तोलात, इतकी सुंदर की गॉगलवाल्यानं बघितलं असतं तर गॉगल काढला असता. चौकटताईला रडू आलं, आनंदाचंच. झालं, मिळालं, असं तिला वाटलं.

मग खिडकीच्या उजव्या कडेवर तिला काहीतरी दिसलं. चार लहान बोटं. फोटोतलीच, करडी, छापलेली. कुणी बंद होणारं दार धरून ठेवावं तशी ती माउंटच्या कापाला आतून धरून होती. नखं पांढरी पडली होती.

"सकाळी मी पाहून गेले तेव्हा इथं जागा होती," कुणीतरी मागून म्हणालं. "का हो झाकताय?"

चौकटताई दचकून वळली. एक म्हाताऱ्या आजी उभ्या होत्या, हातात पर्स घट्ट धरून. नीटनेटक्या, ताठ कण्याच्या.

"तुम्ही कोण?"

आजींनी स्टुलावरच्या लहानीपाशी बोट नेलं, स्पर्श होऊ न देता. "ही मी. पेपरात तुमच्या स्पर्धेची बातमी आली, तिच्यात हा फोटो होता. सत्तर वर्षांनी बघतेय. बाबांनी तो घेतलाच नव्हता, स्टुडिओतच पडून राहिला." त्यांनी हॉलभर नजर फिरवली. "इथं माउंट लावलेल्या सगळ्यांनी आम्हा चौघांनाच घेतलंय. तुम्ही एकटीनं मुद्दाम ती बाजू ठेवलीत. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काय सांगितलं?"

"माझ्या ताईचं."

चौकटताईनं खुर्ची पुढे केली. आजी बसल्या नाहीत.

"पाच जण गेलो होतो आम्ही," त्या म्हणाल्या. "तिच्या सँडलचा पट्टा सारखा सुटायचा. ती खाली वाकायची आणि फोटो बिघडायचा. फोटोवाला चिडला. मग बाबा म्हणाले, तू जा, त्या दाराशी उभी राहा, तुझा वेगळा काढू. आणि आम्हाला बजावलं, आता कुणी हलायचं नाही, काही झालं तरी. मला ती दिसत होती. दाराशी वाकून पट्टा लावत होती. मग उठली आणि बाहेर गेली. मी बघितलं तिला जाताना. पण हलू नको म्हणाले होते ना. मी हलले नाही. बोललेही नाही."

"मग?"

"मग काय. सापडली नाही ती. कधीच नाही. सगळ्यांनी सगळ्यांना विचारलं, कुणी बघितलं का तिला जाताना? मला विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले. एकदा नाही म्हटलं की मग ते नाहीच राहतं." आजींनी पर्स या हातातून त्या हातात घेतली. "घरात तिचं नावसुद्धा घ्यायचं नाही असं झालं पुढं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का? पण झाकलं आम्ही."

चौकटताईनं अरुंद माउंट उचलला. मुलगी पडद्यापुढे उभी होती, हात अजून वर, जिथं कड होती तिथं. सँडलचा पट्टा लोंबत होता. त्या पट्ट्याबद्दल चौकटताईनं कुणापाशीही चकार शब्द काढला नव्हता. "अजून सुटलेलाच आहे तो," ती आता आजींना म्हणाली.

घंटा वाजली. परीक्षकबाई फेरी घेत टेबलाशी आल्या. "ठरलं?"

चौकटताईनं गॉगलवाल्याच्या राखाडी फ्रेमकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे. आत्या आठवली, थंड झालेली जेवणं आठवली. पुढल्या वर्षी आपण इथं प्रेक्षक म्हणूनच येणार, हेही तिला ढळढळीत दिसलं. तिच्या जिवावर आलं होतं, अगदी जिवावर आलं होतं. तिनं रुंद माउंट घेतला आणि चित्रावर बसवला.

"आहे तसंच राहू द्या," ती म्हणाली.

"गुण कापले जातील."

"कापा."

बाईंनी खांदे उडवले आणि कागदावर खूण करून त्या निघून गेल्या. चौकटताई काच पुसू लागली, आणि आता तिचा अंगठा थरथरायला लागला, इतका की मागची चिकटपट्टी सरळ लागेना. आजींनी पर्स खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी पुठ्ठा दाबून धरला. दोघींनी मिळून ती फ्रेम बंद केली. थोडी वाकडी बंद झाली. मग चौकटताईनं ती उभी करून टेबलावर भिंतीला टेकवली.

पलीकडे माइक सुरू झाला, पहिल्या क्रमांकाचं नाव पुकारलं गेलं, टाळ्या वाजल्या. दोघींपैकी कुणीही वळून पाहिलं नाही.

"मला नुसता पडदा दिसतो," आजी म्हणाल्या. "तुम्हाला दिसते ना ती?"

"दिसते."

"रडते का?"

"नाही. तुमच्याकडे बघते."

आजी फ्रेमसमोर उभ्या होत्या. हात अंगाला चिकटलेले, हनुवटी वर, पापणीसुद्धा लवत नव्हती. टाळ्या थांबल्या, लोक जाऊ लागले, तरी त्या तशाच. मग काचेवरची नजर न काढता, ओठ कसेबसे उघडून त्या म्हणाल्या, "आता मी हलले तर चालेल का? विचारता का तिला?"

चौकटताईनं काचेत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"चालेल म्हणते," ती म्हणाली.